मगरिबनंतरची गोळी

धम्मपाल सर आठवडाभर तीर्थपुरीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि रविवारी आसपासच्या गावांना. शहागडच्या व्याख्यानात त्यांनी सांगून टाकलं, "घंटा बडवणारा काय, नमाज पढणारा काय, वंदनेशिवाय चहा न घेणारी आमची बायको बेबीनंदा काय, सगळे स्किझोफ्रेनिक! श्रद्धा सोडा, आजार गेला."

शब्द भारदस्त होता. ज्यांना आजारी ठरवलं त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

साजिदनं वाजवल्या नाहीत. तो सरांचा जुना विद्यार्थी, हायवेवर ट्रकचे पंक्चर काढायचा. मागं टायरातून कुणी शिव्या देतंय असं त्याला ऐकू यायचं, तेव्हा जालन्याच्या डॉक्टरांनी हाच शब्द सांगितला होता. गोळीनं शिव्या थांबल्या होत्या.

महिन्याभरानं त्याची आई लालबी सरांच्या दारात उभी.

"सर, पोरगं पुन्हा टायराशी भांडून राह्यलं."

"गोळ्या बंद केल्या का?"

"इसरू नये म्हणून मीच सवय लावल्ती. सांजची मगरिबची नमाज झाली, जानमाज गुंडाळला, की गोळी. आता नमाजच सोडली. म्हणतो, सर बोलले, नमाज सोडली की बीमारी गेली. मंग गोळी कशाला?"

"अहो, ते मी आपलं बोलण्याच्या ओघात..."

"असंल. पण त्याला दुसऱ्या कुणाचं पटत न्हाई, सर."

सर त्याच संध्याकाळी शहागडला गेले. साजिद अंगणात, कानावर हात दाबून बसला होता.

"साजिद, मी चुकीचं बोललो. तुझा आजार खरा आहे. श्रद्धा म्हणजे आजार नव्हे. गोळी घे."

"आन् नमाज?"

उभ्या आयुष्यात सरांनी कुणाला हे सांगितलं नव्हतं. "पढ."

साजिदनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "सर, तुम्हालाबी झाली का बीमारी?"

"नाही रे. मला नुसती बोलायची सवय आहे."

अजान झाली. साजिदनं कानांवरचे हात काढले. मग उठून हातपाय धुवायला गेला. नमाज होईपर्यंत सर लालबीनं आणून दिलेली गोळी मुठीत धरून बाजेवर बसले. कुठं बघावं ते त्यांना कळेना. जानमाज गुंडाळला गेला. साजिदनं गोळी गिळली. आवाज काही लगेच थांबणार नव्हते, हे तिघांनाही माहीत होतं.

"उद्या येता का, सर?"

उद्या रविवार. संध्याकाळी जांब समर्थला याच विषयावर व्याख्यान ठरलेलं.

"येतो," सर म्हणाले.