‘आसा’ म्हणण्याआधी

मालवणजवळच्या कातळाच्या सड्यावर लहान विमाने चालवायला शिकवणारी एक शाळा आहे. तिच्या कचेरीत एक फळा होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असे, ‘आजचो शाणो’. ज्याच्या हातून चूक होई त्याचे नाव दिवसभर तिथे राही, आणि येणारा-जाणारा हसून जाई. आपल्याही घरांत, कचेऱ्यांत असे फळे असतात. फक्त ते भिंतीवर दिसत नाहीत.

त्या रविवारी नम्रताने पहिल्यांदाच एकटीने विमान उडवले होते. दोडामार्गच्या काजू बागायतदाराची ही मुलगी गोव्यात बँकेत नोकरी करायची आणि सुटीच्या दिवशी इथे येऊन खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी शिकायची. मुख्य शिक्षक दत्तप्रसाद सरांनी स्वतः सगळ्यांना गोड खाजा वाटला. नम्रताच्या हातातला तुकडा मात्र तसाच होता.

उड्डाणापूर्वी सरांनी विचारले होते, “पेट्रोल?” आणि ती म्हणाली होती, “आसा.” आहे, म्हणून.

पेट्रोलच्या काट्यावर विसंबायचे नाही, पंखातल्या टाकीत काठी बुडवून स्वतः बघायचे, हा इथला पहिला धडा. घाईत ती तो विसरली होती. ‘विसरले’ म्हणावे, तर फळा डोळ्यांसमोर येत होता!

आता त्याच विमानात तिच्याबरोबर शिकणारा विनीत चढला.

“काय गो, पेट्रोल आसा मां? की सगळा तूच संपवलंस?”

“आसा,” ती म्हणाली.

दुसऱ्यांदा! शब्द तोच, पण आता त्यावर दुसऱ्याचा जीव होता. विनीतचा हात किल्लीकडे गेला. नम्रता खाजा टाकून धावत सुटली.

“विनीत, थांब! सुरू करू नको! मी काठी घातलीच नाय!”

मेकॅनिक सुभद्राताईंनी शिडी लावून काठी बुडवली. टोक जेमतेम ओले झाले. आदल्या दिवसानंतर टाकी भरलीच नव्हती.

“खोटं का बोललीस?” सर कडाडले.

“फळ्यार नाव येतला म्हणान, सर.” तिला रडू आवरेना. “चूक माझीच. माका काढून टाका.”

“तिका काढशात,” सुभद्राताई हातातला पाना उचलून म्हणाल्या, “पण सगळ्यांची भीती खंयच्या पान्यान काढतलास?”

“ताई, शिस्त नको का?”

“व्हयी तर! पण गेल्या आयतवारी टाकीचा झाकण उघडा रवला म्हणान विनीतान आपणान सांगल्यान. तुमी त्याचा नाव लिवलास, आमी हसलाव. त्या दिवशी सगळी एकच गोष्ट शिकली, चूक सांगूची नाय. आणि सर, तिना ‘आसा’ म्हटल्यान तेव्हा तुमी तरी काठी बघितलास?”

सरांची मान खाली गेली. ते कचेरीत गेले आणि त्यांनी फळ्यावर नाव लिहिले : दत्तप्रसाद. कुणीही हसले नाही. मग त्यांनी फळा खिळ्यावरून उतरवला.

“नम्रता, चार रविवार उड्डाण नाही. टाक्या तू तपासायच्या,” ते हळूच म्हणाले. “आणि विनीत, तुझी मी माफी मागतो.”

वाचकहो, चांगली शाळा नव्या कोऱ्या विमानांवरून ओळखू नका. जिथे ‘माझं चुकलं’ म्हणणाऱ्याला कुणी हसत नाही, आणि शिक्षकही ते म्हणू शकतो, तिथेच आपली मुले पाठवा. चूक सांगणाऱ्याला हसलो, तर पुढच्या खोट्यात आपलाही वाटा असतो!

पाचव्या रविवारी सरांनी विचारले, “पेट्रोल?”

नम्रता शिडी घेऊन निघाली. “थांबा सर, बघून सांगतंय.”

सरही तिच्यामागून शिडीपाशी गेले.