गेंचोकाकांचे दोन कागद

"मेल्या, जीव घेतोस का माझा?" पेन्काने चक्क खांबालाच दम भरला आणि खळीचा ब्रश बादलीत आदळला. कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या. परवापेक्षा जास्तच.

बसथांब्याजवळचा हा लोखंडी खांब. बुडाशी वायरींची पेटी होती, पण तिचं झाकण कुणीतरी केव्हाच भंगारात विकून खाल्लं होतं. आतल्या वायरींचं रबर उंदरांनी कुरतडलेलं. त्या भोकावरही लोक बिनदिक्कत कागद चिकटवत. गावाची रीतच ती. माणूस गेलं की काळ्या चौकटीत त्याचा फोटो, नाव, वय, अंत्यविधीची वेळ छापायची आणि तो कागद घराच्या दारावर, झाडावर, थांब्यावरच्या खांबावर लावायचा. चाळीस दिवसांनी आठवणीचा दुसरा, मग सहा महिन्यांनी, मग दर वर्षी. पेन्काचं पोट त्यावरच चाललेलं. नवरा अतानास वारल्यापासून छापायचंही तिनेच आणि बादली घेऊन चिकटवत हिंडायचंही तिनेच.

"आज कोण कोण पुढं गेलं?" मागून आवाज आला. गेंचोकाका. जन्मभर डॅन्यूबवर मालाचे पडाव हाकलेला म्हातारा. एक गुडघा कामातून गेलेला, म्हणून डावा तळवा खांबावर टेकायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि सगळे कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, हा त्यांचा रोज संध्याकाळचा कार्यक्रम.

"हात काढा आधी! करंट आहे त्यात."

"गुदगुल्या होतात गं नुसत्या. या वयात मला दुसरं कोण करतंय गुदगुल्या?"

"आज गुदगुल्या. जोराचा पाऊस लागला की उभे चिकटाल."

"मग तू आहेसच की खळ घेऊन," म्हातारा खो खो हसला. हात मात्र त्याने काढला नाही.

पेन्काला हसू आलं नाही. हिवाळा तोंडावर आला होता, नदीवरून धुकं चढू लागलं होतं, पाऊस आज ना उद्या येणारच होता. आणि हा माणूस तिला हवा होता. अतानास गेल्यावर तिच्या दुकानात मेलेल्यांच्या चौकशीखेरीज दुसरं काही बोलायला येणारा हा एकटाच.

तिने नगरपालिकेला फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "खांब आमचा आहे मावशी, पण वीज कंपनीची." कंपनीचा माणूस म्हणाला, "खांबाच्या बुडापर्यंत वीज आमची. तिथून वर नगरपालिका."

"आणि खांबाला टेकून उभं राहिलेलं माणूस? ते कुणाचं?" पेन्काने विचारलं. फोन कट झाला.

फोन करकरून बोटं झिजली तेव्हा कुठे एक तपासनीस उगवला. तोपालोव नाव. भर दुपारी आला, टेस्टर लावला आणि ओठ पुढे काढून म्हणाला, "कुठाय करंट?"

"दुपारी कसा असेल? रस्त्यावरचे दिवे बंद आहेत. दिवे लागल्यावर या ना."

"दिवे लागतात पाचला. आम्ही सुटतो साडेचारला."

"मग करंटलाच सांगू का लवकर ये म्हणून?"

"हे बघा मावशी, तक्रारीत तथ्य नाही." मग त्याने खांबाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आणि हे कागद कोण चिकटवतं? नगरपालिकेच्या खांबावर बंदी आहे, माहीत आहे ना?"

चोर सोडून संन्याशाला फाशी! पेन्काचं डोकं असं फिरलं, की तिने त्याच रात्री लाल अक्षरांत 'धोका! हात लावू नका' असं छापलं आणि सकाळी दिवे विझल्यावर त्या भोकावर लावलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. दोन दिवसांत त्यावर कुणाच्या तरी नवऱ्याचा वर्षश्राद्धाचा कागद आला. चिकटवणारी बाई तिथेच होती. पेन्काने तिला झापलं, तर ती शांतपणे म्हणाली, "अहो, जागा चांगली आहे. थांब्यावरून सरळ दिसतं."

त्या रात्री दुकानाच्या शटरमागे गेंचोकाका राकियाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा, पेला घेऊन बसले होते. पेन्काची बडबड त्यांनी ऐकून घेतली.

"पोरी, चूक तुझीच आहे. जित्याजागत्या माणसाचा धोका कोण वाचतो? मेलेल्याचं सगळे वाचतात. माझा कागद काढ."

"जीभ आवरा!" पेन्काने टेबलाच्या लाकडावर तीनदा बोटं आपटली. "जिवंत माणसाचा कागद छापत नाहीत. अपशकुन असतो."

"अपशकुनाला भ्यायला पुढं आयुष्य शिल्लक लागतं. हा घे फोटो." पडावावरचा, टोपीतला, काळ्याभोर मिशांचा. खिशात घेऊनच आले होते.

कागद झाला तो असा: 'गेंचो देन्चेव, वय अठ्ठ्याहत्तर. याच खांबाला हात टेकून उभे असताना विजेच्या धक्क्याने निधन. तारीख: येत्या पावसात ठरेल.'

संध्याकाळपर्यंत थांब्यावर ही गर्दी! फोटो आणि 'विजेच्या धक्क्याने' एवढं वाचून बाया छातीवर क्रूस काढत होत्या. शेवटची ओळ कुणी वाचेचना. कुणी मेणबत्ती लावली, कुणी मेलेल्याच्या नावाने वाटतात तसे उकडलेले गोड गहू वाटले. आणि खांबापासून सगळे चांगले चार हात लांब उभे होते. गेंचोकाका त्याच गर्दीत मागे येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "चांगला होता हो माणूस."

"कसला चांगला!" पुढचा शेजारी म्हणाला. "माझी शिडी नेली ती काही परत दिली नाही."

"उद्या आणून देतो," म्हातारा म्हणाला. शेजाऱ्याने वळून पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली, की बस थांब्यावर न थांबताच पुढे गेली.

हसून हसून सगळे बेजार झाले. कागदाचे फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरले. तिसऱ्या दिवशी, दिवे लागल्यावर, तोपालोव हजर! सोबत दोन कामगार. टेस्टर भोकाशी नेताच लालभडक पेटला आणि त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"आहे की हो करंट!"

"मी सांगितलं तेव्हा नव्हता?"

"मावशी, तेव्हा नुसती तक्रार होती. माणूस गेला म्हटल्यावर यावंच लागतं."

"अरे, पण तो गेलेला नाही! हा काय तुझ्या शेजारी उभा आहे!"

"ते इथं आल्यावर कळलं," तोपालोव म्हणाला आणि गेंचोकाकांकडे जरा नाराजीनेच बघू लागला.

नवी वायर आली, कुलपाचं झाकण आलं. कामगारांनी सगळे कागद खरवडून काढले आणि 'कागद चिकटवू नये' अशी पाटी ठोकली. गेंचोकाका महिनाभर मिशीला पीळ भरत फिरले. "बघ, मेल्यावर का होईना, पहिल्यांदाच कुणी माझं ऐकलं!" शिडीसुद्धा खरोखर परत दिली.

जानेवारीत एका सकाळी ते खुर्चीतच गेले. झोपेत. वीज नाही, पाऊस नाही.

पेन्काने दुसरा कागद छापला. फोटो तोच, दुसरा नव्हताच. दारावर लावला, चौकातल्या झाडावर लावला, थांब्याच्या भिंतीवर लावला. एरवी प्रत्येक कागदापुढे दोन पावलं थबकणारी माणसं टोपीतला तो चेहरा बघत, गालातल्या गालात हसत आणि निघून जात.

मासळीवाली तर लांबूनच ओरडली, "अगं, आता कशाला? खांब तर दुरुस्त झाला ना!"

"खरंच गेले गं. उद्या अकराला नेणार आहेत."

"चल, चावट! पुन्हा नाही फसायची मी."

पेन्का दारोदार फिरली. कुणी हसलं, कुणी 'म्हाताऱ्याला नमस्कार सांग' म्हणालं. तिला ओरडावंसं वाटत होतं. खोटं छापलं तेव्हा सगळा गाव रडला, आणि आज खरं सांगून सांगून तिचा घसा बसला होता.

दफनाला पाद्री, पेन्का, परदेशातून आलेली त्यांची मुलगी आणि शिडीवाला शेजारी. बस, एवढेच. तोही आला, कारण रात्री त्यांच्या खिडकीत दिवा लागला नाही हे त्याने स्वतः पाहिलं होतं. भलं मोठं पातेलं भरून शिजवलेले गहू तसेच राहिले.

मुलीने परतताना विचारलं, "बाबांना इथं कुणी ओळखत नव्हतं का?"

"सगळे ओळखत होते," पेन्का म्हणाली. मग तिने गव्हाचं पातेलं उचललं.

संध्याकाळी ती बादली आणि उरलेला एक कागद घेऊन त्या खांबापाशी आली. दिवा लागायची वाट बघत उभी राहिली. दिवा लागला. तिने हातमोजा काढला, पाटीवरच सढळ हाताने खळ फासली आणि कागद लावून ओल्या हाताने नीट दाबून बसवला. मग कागदाच्या बाजूला, म्हातारा टेकायचा तिथे, तिने आपला डावा तळवा टेकला.

खांब थंडगार होता. हाताला काहीही जाणवलं नाही, साध्या मुंग्याही नाहीत. बस आली, दार उघडलं, कुणीतरी विचारलं, "येताय का?" पेन्काने मान हलवून नाही म्हटलं आणि हात तसाच ठेवून उभी राहिली.