कंबरमोडीचं रिंगण

कामठ्याच्या रेवाराम टेंभरेंना कुणी सांगून काही पटलं, असं गावात कुणाला आठवत नव्हतं. डोळ्यांनी दिसेल तेवढंच खरं, हा त्यांचा खाक्या. डॉक्टर म्हणाला रक्तात साखर आहे, तर हे म्हणाले, दाखव कुठं आहे. सोनिकाने बापाचा हा हट्ट जसाच्या तसा उचलला होता. म्हणूनच ती गोंदियाच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला गेली, शहरालगतच्या कुडव्यात खोली घेऊन राहिली आणि डोळ्यांना न दिसणारे जंतू लोकांना दाखवून देण्याच्या मागे लागली.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तिने प्रकल्पासाठी कंबरमोडी निवडली. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या बांधावर, आपोआप वाढणारं, एका दांडीवर एक फूल मिरवणारं हे झुडूप. विळा लागला की त्याचा पाला चुरगाळून जखमेवर दाबायचा, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आता त्या पाल्यात खरंच काही गुण आहे का, हे सोनिकाला तपासायचं होतं.

पाला आणून द्यायचं काम तिच्या बाबूजींनी, रेवारामांनी, अंगावर घेतलं, आणि अंगावर घेतलं म्हणजे रीतीने. औषधाचं झाड असंच ओरबाडायचं नसतं, त्याला आदल्या सांजेला न्योता द्यायचा असतो. बुडाशी हळदीचे तांदूळ ठेवायचे, "सकारी तुले न्याले येतो, कामी पड," म्हणायचं आणि सकाळी कुणाशी न बोलता तोडून आणायचं. न दिसणाऱ्या साखरेवर विश्वास न ठेवणारा माणूस झाडाला मात्र आमंत्रण देत होता. सोनिका हसायची. पण पाला घ्यायचीच.

पाला वाळवून, कुटून तिने स्पिरिटात भिजत घातला आणि गाळून हिरवागार अर्क काढला. पहिली परीक्षा झकास झाली. शरीर आतून गंजू नये म्हणून लागणारा गुण अर्कात असला, तर एक जांभळं द्रावण पिवळं पडतं. ते पडलं. दुसरी परीक्षा जंतूंची. कागदाच्या गोल चकत्या अर्कात बुडवायच्या, भट्टीत ठेवून त्यातलं स्पिरिट पार उडवून लावायचं आणि जंतू पेरलेल्या काचेच्या बशीत त्या मांडायच्या. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ रिंगण दिसलं, तर तिथले जंतू मेले असं समजायचं. पडताळणीसाठी नुसत्या स्पिरिटाच्या चकत्याही लावायच्या असतात. त्या तिने सकाळीच भट्टीत कडकडीत वाळवून घेतल्या. अर्काच्या चकत्या आत ठेवल्या आणि लाइट गेली.

भारनियमनाने त्या वर्षी सगळ्यांच्याच नाकी नऊ आणले होते. सोनिकाने वाट पाहिली, मग पुठ्ठ्याने वारा घातला. चकत्या बोटाला कोरड्या लागल्या. चालतंय की, म्हणून तिने त्या लावून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी रिंगण आलं होतं. चांगलं बोटभर रुंद. नुसत्या स्पिरिटाच्या चकतीभोवती काही नव्हतं. सोनिकाला कुणाला सांगू अन् कुणाला नको असं झालं.

नेमके त्याच दिवशी बाबूजी गोंदियात आले होते. बांधीत चालताना धसकट पायात घुसलं होतं आणि अंगठ्याजवळची जखम काही केल्या भरत नव्हती. गोळ्या घ्या आणि रोज ड्रेसिंग करा, नाहीतर बोट जाईल, असं डॉक्टरने बजावलं होतं. सोनिका त्यांना तशीच प्रयोगशाळेत घेऊन गेली. त्यांनी बशी हातात घेतली, खिडकीच्या उजेडात धरली.

"इथं तं काहीच नायी दिसत," ते म्हणाले.

"तेच तं, बाबूजी. बाकी जागी जंतू हायेत. इथले मेले."

"आपल्या कंबरमोडीनं?"

"तुमी आनलेल्या."

त्यांनी बराच वेळ बशी खाली ठेवली नाही. मग गोळ्यांचं विचारलं, "डॉक्टरच्या गोरीनं असं होते का?"

"होते ना. पन हे आपल्या धुऱ्यावरचं हाय."

हे म्हणताना तिला फार अभिमान वाटला. इतका, की बापाच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते तिने पाहिलंच नाही. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाला काहीतरी पटत होतं.

नंतर फोनवर ते सांगायचे, "तुहा पाला लावून राहिलो." ती म्हणायची, "गोर्‍या बी घ्या." ते "हो" म्हणायचे आणि ती सुखाने फोन ठेवायची.

दिवाळी गेली, कापणी झाली. सरांनी प्रयोग पुन्हा करायला सांगितला, तेव्हा नेमकी लाइट होती आणि चकत्या खणखणीत वाळल्या. बशीत रिंगण नव्हतं. तिने पुन्हा केला. नव्हतं. मग तिला पुठ्ठ्याचा वारा आठवला. नुसत्या स्पिरिटाची ओली चकती घेऊन तिने बशीत लावली. दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती तेच, बोटभर रुंद रिंगण होतं. जंतू मारले होते ते चकतीत राहून गेलेल्या स्पिरिटाने. कंबरमोडीने काही म्हणता काही केलं नव्हतं.

ती बशी तशीच टाकून तिने कामठ्याची गाडी पकडली.

ओसरीवर पाऊल ठेवायच्या आधीच वास आला. बाबूजी बाजेवर होते. फडक्यात हिरवा लगदा होता, आणि लगदा काढला तर अंगठा काळा पडलेला, सूज घोट्याच्या वर चढलेली. कोनाड्यातल्या गोळ्यांच्या पाकिटाला कुणी हातही लावला नव्हता.

"माय, तू काऊन नायी सांगितली मले?" तिने आईला, राजकुमारीला, विचारलं.

"तूच तं दाखवली त्यायले," माय म्हणाली. "आमी तुह्यावर भरोसा ठेवलो."

नागपूरला नेलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

घरी आणल्यावर गाव भेटायला येऊ लागलं. येईल त्याला बाबूजी एकच सांगत, "दवा एक नंबर होती. मीच उशिरा लावलो. जखम ताजी असती तं पाय वाचला असता." सोनिका आत उभी राहून ऐकायची आणि तिला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटायचं. एका दुपारी घरात कुणी नाही असं पाहून ती बाजेपाशी बसली आणि सगळं सांगितलं. भट्टी, लाइट, पुठ्ठा, स्पिरिट. दवा नव्हतीच, चूक माझी होती, माझ्यामुळे तुमचा पाय गेला, इतक्या उघड शब्दांत सांगितलं.

बाबूजींनी सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"माह्या मनाले लागू नये म्हून तू आपल्यावर घेऊन राहिली," ते म्हणाले. "असं नको करू, बाई. मी माह्या डोऱ्यानं पायलो हावो."

ती रडली. ते तिची समजूत काढत राहिले आणि त्यांचा प्रत्येक शब्द तिला चटका देत होता. त्यांनी रागावून घराबाहेर काढलं असतं तर बरं, असं तिला खरोखर वाटलं.

चार घरं सोडून राहणारी धुरपताकाकी दुसऱ्या दिवशी आली. तिच्या नवऱ्यालाही साखर होती आणि त्याच्या टाचेला भेग पडून आत पू झाला होता. बाबूजींनी बाजेवरूनच तिला न्योता कसा द्यायचा, पाला कसा वाटायचा ते समजावलं. "तुमी उशीर नोका करू," असंही सांगितलं. सोनिका तिच्या मागे अंगणात धावली.

"काकी, तो पाला लावू नोका. काही फायदा नायी त्याचा. काकाले आजच डॉक्टरकडे न्या."

धुरपताकाकीने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुह्या बापाले चालते, अन् आमच्या मानसाले कायले नायी चालत?" ती म्हणाली. "आमी काही तुही दवा चोरून पेटंट नायी करत, बाई." आणि चालू पडली.

सोनिका दुसऱ्यांदा तिच्या दारात गेली. हातापाया पडली. धुरपताकाकीने चहा दिला, हो-हो म्हटलं आणि दार लावून घेतलं.

सांजेला सोनिका बांधीकडे निघाली. कापणी होऊन गेलेली, बांध्या मोकळ्या, आणि धुऱ्यावर कंबरमोडी माजलेली. पहिल्याच झुडपाच्या बुडाशी हळदीचे तांदूळ ठेवले होते. ताजे. सोनिका खाली बसली, तांदूळ वेचून बाजूला टाकले आणि झुडूप मुळासकट उपटलं. उद्या सकाळी काकी येईल, रिकाम्या हाताने परत जाईल, एक दिवस तरी टळेल, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

माती झटकून ती उठली आणि धुऱ्याने पुढे गेली. पुढच्या झुडपाच्या बुडाशीही पिवळे तांदूळ होते. त्याच्या पुढच्याही. कामठ्यात साखर काही एकाच घरात नव्हती.