तळ्यातली साखळी

ब्रिनच्या चपला काठावर होत्या, ब्रिन नव्हती.

माझी धाकटी बहीण जनेल आधी चिडली. "ब्रिन, पुरे झाली लपाछपी! हॉटडॉग गार होतायत!" दुसऱ्या हाकेला तिचा आवाज चिरकला. तिसऱ्या हाकेला आसपासच्या शेगड्यांभोवतीची माणसं उठून उभी राहिली. मिशिगनमधल्या आमच्या या पार्कात पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायला कुणी नसतं. तशी भली मोठी पाटी आहे, आणि ती कुणी वाचत नाही. ब्रिन सहा वर्षांची. तिचं पोहायचं पिवळं रबरी कडं खोल पाण्याची हद्द दाखवणाऱ्या दोरीपाशी एकटंच डुलत होतं.



पार्कची रेंजर धावत आली. शिट्टी फुंकून तिने सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं. "मोठ्यांनी हात गुंफा, ओळ करा. पाय तळाला घासत चला." आमचं तळं गढूळ, तिथे डोळ्यांचा उपयोग नाही. शोधायचं ते पायांनीच. जनेलकडे बघून ती म्हणाली, "आईने काठावर थांबायचं."

"तूच थांब," म्हणत जनेल माझ्या कोपरात कोपर अडकवून पाण्यात उतरलीसुद्धा.

दुसऱ्या बाजूला शेजारच्या तंबूतला ड्वेन होता. सकाळपासून माझ्या करपलेल्या मक्यावरून माझी टर उडवत होता मेला. आता त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"मार्लिस, घट्ट धर गं," तो पुटपुटला. "मला पोहता येत नाही."

"मग आलास कशाला?"

"मग काय, काठावर बसून मका खाऊ?"

पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. एवढी माणसं, पण आवाज फक्त पाणी कापल्याचा. खरं सांगते, मी देवाकडे ब्रिन मागत नव्हते. 'माझ्या पायाला लागू नये, दुसऱ्या कुणाच्याही लागो,' एवढंच मागत होते. माझीच भाची, आणि मी असलं मागत होते.

पाणी छातीला भिडलं तेव्हा माझ्या पायाला काहीतरी लागलं. मऊ, गार, थोडं जड. मी थिजले. माझं थिजणं जनेलला कोपरातून कळलं.

"काय गं? काय लागलं?"

"गवत," मी म्हणाले. पाय उचलायची हिंमत नव्हती आणि दाबायचीही नव्हती.

ड्वेनने माझ्याकडे पाहिलं, हात सोडवला, नाक धरलं आणि पोहता न येणारा तो माणूस सरळ पाण्याखाली गेला. जनेलची नखं माझ्या दंडात रुतली. तो वर आला तेव्हा त्याच्या हातात कुणाचातरी जुना, शेवाळलेला टॉवेल होता. मला हुंदका फुटला.

"आई! तुम्ही काय खेळताय?"

आम्ही सगळे वळलो. काठावर ब्रिन उभी होती, एका म्हाताऱ्या जोडप्याचा हात धरून. त्यांच्या गाडीत कुत्रीला पिल्लं झाली होती, ती बघायला गेली होती कार्टी. त्या बिचाऱ्यांना वाटलं, सांगून आली असेल. ओळीतून एकच आरोळी उठली. लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले, ड्वेन टॉवेल कवटाळून रडायला लागला.

ब्रिनला ही सगळी मोठी गंमत वाटली. "मी पण, मी पण!" ओरडत ती पाण्यात धावली.

"बाहेर हो!" जनेल किंचाळली. "एक पाऊल टाकलंस तर याद राख! बाहेर हो!" आई वारली तेव्हाही तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

ब्रिन घोटाभर पाण्यात जागच्या जागी थांबली. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायांभोवतीच्या पाण्याकडे पाहिलं. हळूहळू ती मागे मागे सरकत कोरड्या वाळूवर गेली. जनेल हात पसरून पाणी तुडवत तिच्याकडे निघाली होती, पण अजून कमरेएवढ्या पाण्यातच होती. ते पाहून पोरगी थरथर कापायला लागली.

"आई, तू पण बाहेर ये!" ती रडत ओरडली. "लवकर ये ना गं बाहेर!"