वायरमनची दाढ

बायको गेल्यापासून वायरमनने ताटात निम्मं टाकलं, की घरातली सगळी एकमेकांकडे बघत. थोरली बहीण तर मुक्कामालाच येऊन राहिली होती. ती डोळे पुसत म्हणायची, "खा रे बाबा. उपाशी राहून गेलेलं माणूस परत येत नाही."

"ताई, माझी दाढ दुखतेय."

"हो रे, दाढच दुखतेय," असं म्हणून ताई आणखी रडायची.

आता या बाईला सांगायचं तरी काय? दुःख होतं, नाही कोण म्हणतंय? पण दुःख काही उजवीकडे, खाली, शेवटून दुसऱ्या जागी नसतं. घास दाबताना काही नाही. दाब सुटला की कळ थेट कानात. गार पाण्यानेही तेच. क्षणात सगळं गप. मग तो डावीकडून चावायचा, निम्म्यातच उठायचा, आणि शेजारून मऊ भाताचा डबा यायचा. दाढेला कोणी विचारेना.

एका डॉक्टरने फोटो काढला. फोटोत काही दिसलं नाही. "घरात काही झालंय का?" त्याने विचारलं. ताई सोबत होती. मग काय विचारता! तिने सगळी कहाणी सांगितली आणि डॉक्टरने विश्रांती घ्यायला सांगून घरी पाठवलं. वायरमनने कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दवाखान्यात तो एकटाच जाणार होता, पण ताई चपला घालून दारात उभीच.

"पुढचा दात बघा आधी," खुर्चीत तो टेकतो न टेकतो तोच ताई सुरू झाली. "टवका उडालाय. जन्मभर वायरी दातांनी सोलल्या. पक्कड काय शोभेला ठेवली होती?"

"तो टवका जुना आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कड बोचत नसेल, झिणझिण्या येत नसतील, तर त्याची घाई नाही. वायरी सोलणं मात्र बंद. दुखतं कुठे?"

वायरमनने बोट दाखवलं. बाईंनी एक छोटी काडी दाढेच्या एकेका टोकावर ठेवली. "चावा. सोडा. चावा. सोडा." तिसऱ्या टोकाला "सोडा" म्हणताच वायरमन खुर्चीतून वीतभर उडाला.

"सापडलं. दाढेला तडा आहे. चावताना तो उघडतो, सोडताना मिटतो, तेव्हा कळ येते. असा तडा फोटोत बहुतेक वेळा दिसत नाही."

"ऐकलंस?" वायरमन ताईवर ओरडला. "तडा आहे! दाढेला!" इतका आनंद त्याला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

"झोपेत दात खाता का?" बाईंनी विचारलं. "त्यानेही तडा जातो."

"मला काय ठाऊक? सांगणारी होती, ती गेली."



"खातो," ताई हळूच म्हणाली. "शेजारच्या खोलीत ऐकू येतं. करकर, करकर. ती गेल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू दाढेचं निमित्त करून दुःख लपवतोयस असं वाटलं. मी कशाला उघडं पाडू?"

"अगं, पण दाढच दुखत होती ना!"

"भांडण घरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तडा हिरडीखाली उतरला तर दाढ काढावी लागते. अजून तसं दिसत नाही. गारव्याची कळ लगेच थांबते, म्हणजे नसही बरी असावी. आज काम सुरू केलं, वर टोपी बसवली, तर बहुधा वाचेल. आपोआप ठणकायला लागली किंवा सूज आली, तर मग मला खात्री देता येणार नाही."

"उद्या एका इमारतीत फिटिंग आहे. पुढच्या आठवड्यात बघू—"

"तोवर एखादा कडक घास लागला आणि दाढ उभी दुभंगली, तर काय बघणार?"

"फिटिंग गेलं खड्ड्यात!" ताईचे डोळे पुन्हा भरले.

वायरमनने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा छताकडे.

"करा सुरू," तो चरफडत म्हणाला. "पण हिला आधी बाहेर बसवा. ही रडायला लागली की मला धड आ करता येत नाही."