तांब्याभर पाण्याची साक्ष

इस्लामपूरजवळ बनुबाई आणि त्यांचे धाकटे दीर नाथाजी यांचे उसाचे तुकडे एकाच बांधाला लागून होते. विहीर सामायिक, ठिबकही एकाच मोटरीवरचे. दोन्ही तुकड्यांत ओलावा मोजणारा एकेक खांब होता. माती सुकली की खांब मोबाइलच्या जाळ्यातून तसे कळवी आणि त्या तुकड्याचा व्हॉल्व्ह उघडे.

यंदा मात्र बनुबाईंची नवी रोपे करपू लागली आणि नाथाजींच्या सऱ्यांत पाणी तुंबले. दीर पाणी चोरतो, असा बनुबाईंनी निष्कर्ष काढला आणि त्यांच्याशी बोलणे बंद केले.

त्यांची मुलगी सृष्टी कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवीत असे. ती म्हणाली, "आई, स्वतःचा ऊस कुजवायला कुणी पाणी चोरतं का?"

"त्येचं डोकं तसंच हाय."

सृष्टीने वाद घातला नाही. आईच्या शेतातल्या खांबाशी तिने तांब्याभर पाणी ओतले आणि मोबाइल पाहिला. आईच्या नावावरचा ओलाव्याचा आकडा जागचा हलला नाही. बांधापलीकडून स्वतःचा मोबाइल बघत नाथाजी ओरडले, "सृष्टे, माझा आकडा वर चाललाय गं!"

मग उलगडा झाला. नांगरटीआधी दोन्ही खांब उपटून शेडात ठेवले होते. लागणीनंतर नाथाजींनी ते परत रोवले, तेव्हा त्यांची अदलाबदल झाली.

"सारखंच दिसत्यात की. मला काय म्हाईत?"

प्रत्येक खांबाला स्वतःचा क्रमांक होता आणि यंत्रणा त्या क्रमांकालाच शेत समजत होती. त्यामुळे बनुबाईंच्या कोरड्या मातीची तक्रार नाथाजींच्या नावावर जाई, आणि पाणीही त्यांनाच मिळे. तिकडची माती जितकी भिजे, तितक्या बनुबाई तृप्त ठरत.

नाथाजी खांब उपटायला निघाले.

"राहू द्या, काका. क्रमांक खांबाचाच राहील. तो कुठे उभा आहे, हे वेगळं नोंदवायचं." सृष्टीने मोबाइलवर दोन्ही क्रमांकांपुढची शेते बदलली. "पुढच्या वेळी खांब रोवला की शेजारी तांब्याभर पाणी ओता आणि कुणाचा आकडा हलतो ते बघा."

बनुबाईंचा व्हॉल्व्ह तरीही उघडला नाही.

"बघ! म्हणलं न्हवतं?"

"ते मघाशी मी ओतलेलं पाणी आहे, आई. ते सुकू दे."

उन्हे चढली. दुपारी व्हॉल्व्ह खटकन वाजला आणि रोपांच्या बुडाशी थेंब पडू लागले. बनुबाई ते बराच वेळ पाहत राहिल्या. मग बांधाकडे तोंड करून त्यांनी हाक दिली.

"भावजी, च्या टाकतीया. चोरून पिऊ नगा, म्होरनं या."