पिन बसेपर्यंत

माणूस बसलेला असताना खुर्ची उघडायची नाही, हा माझा नियम. कंपनीचाही आहे, पण कंपनीचे नियम मी सोयीने पाळतो. हा मात्र माझा स्वतःचा. मी ज्या खुर्च्या सांभाळतो त्यांना फर्निचर म्हणणाऱ्याशी मी भांडतो. ज्यांची मान, पाठ, कंबर स्वतःच्या ताब्यात राहिलेली नाही त्यांना त्या धरून ठेवतात. बैठक आणि पाठ दोन्ही एकत्र मागे कलतात आणि बैठकीखालचा मोटरचा दांडा तो कल सांभाळतो. दांडा काढला की वरचं सगळं वजन मागे जातं. म्हणून आधी माणूस पलंगावर, मग खुर्ची पूर्ण आडवी, मगच पाना हातात घ्यायचा. यात शहाणपणा करणारे लोक भेटले की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

त्या दुपारी त्या घरात शिरलो आणि आधी दिसलं ते खुर्चीच्या पाठीखाली सरकवलेलं लाकडी स्टूल. स्टुलावर घडी केलेली चादर, चादरीवर पाठ टेकलेली, आणि खुर्चीत मोठ्या सिस्टर. बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं, म्हणून सगळे त्यांना अजून तेच म्हणायचे. आता त्यांच्या शरीरात चेहरा आणि उजव्या हाताचं एक बोट एवढंच हलत होतं. त्या बोटाने त्या खुर्चीची बटणं दाबायच्या आणि माणसंही चालवायच्या.

मी त्यांच्या मुलीवर उखडलो. किती वेळा सांगितलं, खुर्ची बिघडली की फोन करा, टेकू लावू नका. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की सकाळी उशा रचून पलंगावर निजवून पाहिलं होतं, थोड्याच वेळात आईचे ओठ निळे पडायला लागले. छातीचे स्नायू इतके थकलेत की आडवं झालं की श्वास वर येत नाही. खुर्ची रात्रभर आपोआप मागे कलत होती आणि ती पुन्हापुन्हा उठून बटण दाबत होती. तिचे डोळे पाहिल्यावर मी पुढचं बोलणं गिळलं.

खोलीच्या दारात तिचा धाकटा भाऊ उभा होता, पायाशी आईची भरलेली बॅग. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईला एका शुश्रूषागृहात हलवणार होता, तिथली खोलीही ठरली होती. बहिणीचं म्हणणं, मी जिवंत असताना आई कुठे जाणार नाही. दोघांमधून विस्तव जात नव्हता. बोलायचं झालं की माझ्यामार्फत. भाऊ म्हणाला, त्यांना विचारा हे सकाळीच का नाही कळवलं. बहीण म्हणाली, त्यांना सांगा रात्रभर जागून बघा मग विचारा. मी खुर्ची दुरुस्त करायला आलो होतो, निरोप पोचवायला नाही, आणि तसं मी दोघांना तोंडावर सांगितलं. सिस्टरांच्या ओठाचा एक कोपरा वर गेला.

मी वाकून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. दांड्याच्या आतले स्क्रूचे आटे झिजले होते. नवा दांडा माझ्या पिशवीत होता, पण माणूस बसलेला असताना तो बदलणार नव्हतो. वर्कशॉपमधून दुसरी खुर्ची मागवतो, तोवर स्टूल राहू दे, असं म्हणायला मी उठतच होतो, तेवढ्यात खाली कट् असा आवाज झाला. खुर्ची दोन बोटं मागे बसली. स्टुलाचा एक पाय कडकडला आणि तिरका झाला.

सिस्टरांचा श्वास थांबला. पुन्हा सुरू झाला तो वरवरचा, घशातल्या घशात. दुसरी खुर्ची यायला संध्याकाळ झाली असती आणि ते स्टूल तेवढं टिकणार नव्हतं. माझा नियम असा माझ्या डोळ्यांदेखत निकामी झाला.

मी दोघांना पाठीमागे बोलावलं. पाठीला दोन बाजूंना ढकलायच्या मुठी असतात, एक एकाने धरायची, एक दुसऱ्याने. मी सांगेन तेव्हा वर, सांगेन तेव्हा किंचित खाली, आणि मी सोडा म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. ज्याने ही खुर्ची आखली त्याने टेकू लावायची सोय केलेली आहे, पण तो टेकू खुर्ची आडवी असतानाच लागतो. आडवा होऊ न शकणारा माणूस त्याच्या डोक्यात आलाच नसावा. भाऊ विचारू लागला, की किती वेळ लागेल. मी म्हटलं, पिन बसेपर्यंत.

त्यांनी वजन उचललं. मी स्टूल बाजूला ढकललं, पुढच्या बाजूने खुर्चीखाली उताणा शिरलो आणि जुना दांडा सोडवला. आता सिस्टर त्या चार हातांवर होत्या. मला खालून पाय तेवढे दिसत होते. एकीकडे भावाचे मोजे, दुसरीकडे बहिणीच्या भेगाळलेल्या टाचा. दोघांच्याही टाचा जमिनीवरून सुटल्या होत्या, सगळा भार चवड्यांवर.

दांड्याचं खालचं टोक लगेच बसलं. वरच्या टोकाचं भोक बैठकीखाली जो लोखंडी कान असतो त्याच्या भोकाशी जुळलं पाहिजे, तेव्हा पिन आरपार जाते. ते जुळेना. वर, म्हटलं. जास्त झालं. खाली, अगदी थोडं. त्यात भावाच्या खिशातला फोन वाजायला लागला, त्याचा तोल हलला आणि खुर्ची त्याच्या बाजूला झुकली. वरून येणारा श्वासाचा आवाज बंद पडला. मी ओरडलो, बहिणीच्या तोंडून "आई" एवढंच आलं, आणि भावाने कण्हत पाठ पुन्हा वर घेतली. फोन वाजतच राहिला. श्वास आला. या गडबडीत माझ्या घामट बोटांतून पिन निसटली आणि फरशीवर गडगडत गेली.

माझा हात पोचेना. खरं सांगतो, त्या क्षणी मी घाबरलो होतो. मग भावाच्या मोज्यातला अंगठा पुढे आला, त्याने पिन दाबून धरली आणि माझ्याकडे सरकवली.

"किंचित खाली," मी म्हटलं. दोघे एकदम हलले, एका मापाने. भोकं जुळली. पिन आत गेली. मी तिच्या टोकाला क्लिप लावली, ओढून पाहिली. बसली. डोकं खुर्चीखालून बाहेर काढून "झालं" म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा हाताच्या टेकणीवरचं ते बोट वर उठलं.

डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. नाही म्हणत होतं.

मी वर पाहिलं. सिस्टर माझ्याकडेच बघत होत्या. पाठीमागच्या दोघांना ते बोट दिसणं शक्य नव्हतं. मला वाटलं त्यांना त्रास होतोय, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ही बाई मला गप्प बसायला सांगत होती. वॉर्डात त्यांच्यापुढे भले भले मूग गिळून बसत असणार. मी तोंड मिटलं, पाना उगाच एका नटावर ठेवला आणि पडून राहिलो.

"दोघं... आहात ना?" त्या म्हणाल्या. एका श्वासात तीन-चार शब्दच मावायचे.

दोघांनी हो म्हटलं.

"हा विषय काढला... की एक जण... उठून जातो. आज जाता... येणार नाही."

फोन केव्हाच थांबला होता.

"मी जाणार आहे तिथे," त्या म्हणाल्या. "याने ठरवलं... म्हणून नाही. मला कुणी... विचारलंच नाही. मी ठरवलंय." मग बराच वेळ नुसता श्वास. "बाई गं... तू रात्री झोपत नाहीस. माझे श्वास... मोजतेस. मी जागी असते. मला ते... ऐकवत नाही."

बहिणीचं रडणं मला ऐकू आलं. तिला तोंड झाकायचं असणार, पण हात मोकळे नव्हते.

"आणि तू. न्यायला आलास... गाडी घेऊन. भेटायला... कधी येणार? तिथे सगळं असेल. तू नसलास... तर ती नुसती खोली. येऊन बस. बोललं नाहीस... तरी चालेल."

मी खाली पडल्या पडल्या हैराण झालो होतो. कुणाच्या घरातलं इतकं आतलं ऐकायची मला सवय नाही. शिवाय ते दोघे बिचारे जीव तोडून वजन पेलतायत आणि मी त्यांना फसवतोय, हे मला खात होतं. हात भरून आले असतील, पाठीत कळा निघत असतील. मी सिस्टरांकडे विनवणीने पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

मग त्यांनी मोठ्याने विचारलं, "मिस्त्री... झालं का?"

"झालं," मी म्हटलं. "सोडा आता."

कुणी सोडलं नाही.

मी खुर्चीखालून बाहेर आलो, गुडघे झटकले, पुन्हा सांगितलं. दोघे मुठी धरून तसेच उभे. त्यांच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. बोटं सैल होती. माझी नजर खाली गेली. मोजे आणि भेगाळलेल्या टाचा, चारही जमिनीवर सपाट टेकलेल्या. मी खालून मघापासून तेच तर बघत होतो. पिन बसली की वजन दांड्यावर जातं आणि हात त्याच क्षणी हलके होतात. मी रोज हेच काम करतो आणि तेवढं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बहिणीने भावाकडे पाहिलं. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

"तुला कधी कळलं?"

"पिन बसली तेव्हाच, ताई."

"मग सोडलं का नाहीस?"

"तू सोडलं नाहीस म्हणून."

सिस्टरांचे डोळे अजून मिटलेले होते. त्यांनी हे ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. श्वास मात्र नीट चालला होता. मी जुना दांडा फडक्यात गुंडाळला, तिरकं झालेलं स्टूल उचललं आणि बाहेर नेऊन ठेवलं.